नोंदणी प्रणाली क्लाउडवर: सेवा मॉडेलांच्या चाचणीच्या प्रकल्प नोंदी

३ जून: व्याप्ती आणि व्याख्या

प्रणाली एकच: अभ्यासक्रमांच्या नोंदणीचे वेब ॲप्लिकेशन. पायथनमधले जँगो हे वेब फ्रेमवर्क, मागे पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस, अर्जासोबत येणारे फोटो व कागदपत्रे, आणि शेवटी पीडीएफ प्रमाणपत्र व ईमेल. सध्या सगळा संसार एकाच सर्व्हरवर आहे: ८ कोअर, ३२ जीबी मेमरी. डेटाबेस ३८ जीबी, फायली ४१० जीबी. एरवी सेकंदाला ८ ते १० विनंत्या येतात, नोंदणीच्या शेवटच्या दिवशी १२० च्या घरात जातात. म्हणजे सर्व्हर त्या एका दिवसाच्या मापाने घेतलेला आहे आणि वर्षभर बहुतेक रिकामाच फिरतो.

क्लाउड कशाला म्हणायचे याचा वाद टाळण्यासाठी अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेची सप्टेंबर २०११ मधली व्याख्या (दस्तऐवज ८००-१४५) धरली आहे. तिच्यात पाच लक्षणे आहेत: कुणाला न विचारता स्वतः घेता येणे, नेटवर्कवरून वापर, साधनांचा सामाईक साठा, झटपट कमी-जास्त होणे आणि वापराची मोजणी. महिन्याच्या भाड्याने घेतलेला ठरावीक सर्व्हर शेवटच्या दोन कसोट्यांवर नापास होतो, मग जाहिरातीत काहीही लिहिलेले असो.

त्याच दस्तऐवजात तीन सेवा मॉडेल आहेत: इन्फ्रास्ट्रक्चर ॲज अ सर्व्हिस, प्लॅटफॉर्म ॲज अ सर्व्हिस, सॉफ्टवेअर ॲज अ सर्व्हिस. पुढच्या नोंदींत नुसते इन्फ्रा, प्लॅटफॉर्म, सॉफ्टवेअर असे लिहिले आहे. फरक इतकाच की जबाबदारीची रेघ कुठे पडते. इन्फ्रामध्ये इमारत, वीज, यंत्रे आणि हायपरवायझर (एका यंत्रावर अनेक व्हर्च्युअल यंत्रे चालवणारा थर) पुरवठादाराचे. ऑपरेटिंग सिस्टिमपासून वरचे सगळे आपले. प्लॅटफॉर्ममध्ये ऑपरेटिंग सिस्टिम आणि भाषेचा रनटाइमही (कोड चालवणारा थर) पलीकडे जातो, आपला राहतो तो कोड. सॉफ्टवेअरमध्ये कोडही त्यांचाच. पण डेटा, खाती आणि कुणाला कशाची परवानगी, या गोष्टी तिन्हींत आपल्याच गळ्यात राहतात.

संपूर्ण प्रणालीसाठी एकच मॉडेल निवडायचे नाही, प्रत्येक भागाचा निर्णय वेगळा घ्यायचा, असे ठरले. आधी सगळे इन्फ्रावर उभे करून मग एकेक भाग वर सरकवायचा.

५ जून: इन्फ्रा, नेटवर्क

खासगी नेटवर्क १०.२०.०.०/१६, त्यात दोन झोनमध्ये (वेगवेगळ्या डेटा सेंटरांच्या गटांत) प्रत्येकी दोन /२४ सबनेट, म्हणजे नेटवर्कचे छोटे तुकडे (तिरक्या रेघेनंतरचा आकडा जितका मोठा तितके पत्ते कमी): एक बाहेरून पोहोचता येणारे, एक आतले. पत्ते निवडण्याआधी कार्यालयातल्या नेटवर्कचे पत्ते तपासले. दोन्हीकडे तीच रेंज असेल तर व्हीपीएन (दोन नेटवर्कांमधली सुरक्षित वाट) जोडल्यावर राउटरला कळत नाही की पाकीट कुठे पाठवायचे, आणि नंतर रेंज बदलायची म्हणजे सगळे पुन्हा उभारायचे. सबनेट फार लहानही ठेवू नये. एडब्ल्यूएस (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) प्रत्येक सबनेटमधले ५ पत्ते स्वतःकडे राखून ठेवते, त्यामुळे /२८ मधल्या १६ पैकी ११ च हाती उरतात.

पोर्टांचे नियम: ४४३ (वेब) सगळ्यांसाठी, २२ (सर्व्हरवर लॉगिन) फक्त व्हीपीएनमधून, ५४३२ (डेटाबेस) फक्त ॲप्लिकेशन सर्व्हरच्या सिक्युरिटी ग्रुपकडून (यंत्राभोवतीची फायरवॉल).

दुपारी ॲप्लिकेशन डेटाबेसला पोहोचेना. सिक्युरिटी ग्रुप बरोबर होता, पण सबनेटच्या ॲक्सेस लिस्टमध्ये (पूर्ण सबनेटच्या फायरवॉलमध्ये) परतीची वाट बंद होती. सिक्युरिटी ग्रुप गेलेली विनंती लक्षात ठेवतो आणि उत्तराला आपोआप वाट देतो. ॲक्सेस लिस्टला आठवण नसते, तिथे १०२४ ते ६५५३५ ही परतीची पोर्टे वेगळी उघडावी लागतात. निदानाची खूण: जोडणी बराच वेळ लटकून टाइमआउट झाली तर पाकीट वाटेत कुठेतरी गिळले जाते आहे; 'कनेक्शन रिफ्यूज्ड' लगेच आले तर बहुतेक वेळा पाकीट पोहोचले आहे, पण त्या पोर्टवर ऐकणारे कुणी नाही.

९ जून: इन्फ्रा, यंत्र आणि डिस्क

जुन्या सर्व्हरचे ८ कोअर म्हणजे क्लाउडवरचे ८ व्हीसीपीयू (व्हर्च्युअल प्रोसेसर) नव्हेत. एक्स८६ यंत्रांवर एक व्हीसीपीयू म्हणजे सहसा एक हायपरथ्रेड (एका कोअरवरच्या दोन समांतर प्रवाहांपैकी एक), ढोबळमानाने अर्धा कोअर. मापे घेताना हे विसरले की पहिल्याच लोड टेस्टला आठवण होते.

एडब्ल्यूएसचे टी३.मीडियम यंत्र घेतले: २ व्हीसीपीयू, ४ जीबी. लोड टेस्ट पहिली ४० मिनिटे सुरळीत चालली आणि मग प्रतिसाद चौपट मंदावला. ना मेमरी भरली होती, ना डिस्क. कारण क्रेडिट. या जातीच्या यंत्राला तासाला २४ क्रेडिट मिळतात आणि एक क्रेडिट म्हणजे एका व्हीसीपीयूची एक मिनिट पूर्ण क्षमता. दोन्ही पूर्ण चालले तर तासाला १२० खर्च, म्हणजे निव्वळ तूट ९६. साठ्यात ६४ क्रेडिट होती. ४० मिनिटांत संपली आणि यंत्र २० टक्क्यांच्या मूळ क्षमतेवर आले. टॉप या लिनक्स आज्ञेच्या पडद्यावर 'एसटी' हा रकाना वाढलेला दिसतो, तीच खूण. हे 'स्टँडर्ड' रीतीत होते. टी३ ची मूळ रीत 'अनलिमिटेड' असते. तिच्यात यंत्र मंदावत नाही, जादा वापर बिलात चढतो. चाचणीसाठी मुद्दाम स्टँडर्ड ठेवले होते. सततच्या भारासाठी ही जात नाही, ठरावीक क्षमतेचे यंत्र घ्यावे.

डिस्कचेही तसेच. जीपी२ जातीत वेग आकाराला बांधलेला आहे, जीबीमागे ३ आयओपीएस (सेकंदाला वाचन-लेखनाच्या क्रिया). १०० जीबीला ३०० आणि वर थोडा वेळ उसळी. जीपी३ मध्ये आकार कितीही असो, ३००० आयओपीएस आणि सेकंदाला १२५ एमबी मूळचेच मिळतात. जीपी३ घेतली. यंत्राच्या पोटातली स्थानिक डिस्क वेगवान असते, पण यंत्र थांबवले की तिच्यावरचे सगळे जाते. तिथे फक्त कॅश.

बारीकसारीक: क्लाउडच्या बहुतेक लिनक्स इमेजमध्ये स्वॅप (मेमरी भरल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) नसतो, त्यामुळे मेमरी संपली की कर्नल थेट प्रोसेस मारतो. कंटेनर (ॲप्लिकेशन आणि त्याला लागणारे सगळे एकत्र बांधलेले, वेगळे चालणारे पुडके) १३७ या कोडने बंद पडला तर पहिला संशय मेमरीवरच घ्यायचा (१२८ अधिक सिग्नल ९, म्हणजे प्रोसेस मारण्याचा). आणि यंत्र थांबवून सुरू केले की सार्वजनिक पत्ता बदलतो, स्थिर पत्ता वेगळा घ्यावा लागतो.

१२ जून: फायलींचे स्थलांतर

हिशेब आधी: ४१० जीबी, १०० एमबीपीएस लाइन. कागदावर ९ तास, लाइनचा ७० टक्के वेग गृहीत धरला तर १३. प्रत्यक्षात पहिल्या ३ तासांत जेमतेम २० जीबी गेले. फायली लहान आणि संख्येने काही लाख. प्रत्येकीमागे जाण्यायेण्याचा वेळ लागतो, लाइन रिकामीच बसते. फोल्डर वाटून १६ समांतर प्रवाह लावल्यावर लाइन भरली.

फायली यंत्राच्या डिस्कवर न ठेवता ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (प्रत्येक फाइल एका नावाखाली जशीच्या तशी ठेवणारी साठवण) टाकल्या. एडब्ल्यूएसने एस३ ही अशी सेवा सुरू केली ती १४ मार्च २००६ रोजी. या साठवणुकीचा नेहमीचा स्वभाव: ही फाइल सिस्टिम नाही. 'फोल्डर' म्हणजे नावातली तिरकी रेघ. नाव बदलणे म्हणजे नव्या नावाने प्रत करून जुनी पुसणे. जुन्या कोडमध्ये 'आधी तात्पुरत्या नावाने लिहा, मग नाव बदला' अशी रीत तीन ठिकाणी होती. ती काढून सरळ अंतिम नावाने चढवले.

पडताळणीत मोठ्या फायलींचे चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेली ओळखसंख्या) जुळेनात. फायली शाबूत होत्या. मोठी फाइल तुकड्यांनी चढते तेव्हा तिचा ईटॅग (एस३ ने दिलेली खूण) हा पूर्ण फाइलीचा एमडी५ (चेकसमचा एक प्रकार) नसतो, शेवटी डॅश आणि तुकड्यांची संख्या येते. आपला चेकसम काढून वेगळा मेटाडेटामध्ये ठेवला आणि त्यावरून जुळवले. अर्धवट राहिलेले तुकडे नेहमीच्या यादीत दिसत नाहीत, मात्र जागेचे बिल लागत राहते. ७ दिवसांनी ते आपोआप पुसण्याचा लाइफसायकल नियम लावला.

१६ जून: इन्फ्रावर डेटाबेस

पीजी-डंप (पोस्टग्रेएसक्यूएलचे प्रत काढण्याचे साधन), त्याचा कस्टम फॉरमॅट, चार समांतर कामांनी रिस्टोअर. डेटाच्या डिरेक्टरीची जशीच्या तशी प्रत घेतली असती तर वेळ वाचला असता, पण जुन्या यंत्राची जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ च्या आधीची आहे. २.२८ मध्ये अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. तशी प्रत नव्या सिस्टिमवर चालवली की मजकुराचे इंडेक्स (शोधाच्या सूची) चुकीच्या क्रमात राहतात, नाव तक्त्यात असूनही शोधात सापडत नाही, आणि त्रुटीचा संदेशही येत नाही. डंपमधून इंडेक्स नव्याने बांधले जातात, म्हणून तीच वाट.

१८ जून: इन्फ्राचा हिशेब

चालते आहे. पण आपल्याकडे उरलेली कामे: कर्नल आणि ओपनएसएसएलचे पॅच, लॉग फिरवणे, टीएलएस प्रमाणपत्राचे नूतनीकरण, बॅकअप, डेटाबेसचा दुसरा सर्व्हर आणि तो पडल्यावर अदलाबदल. जुन्या सर्व्हरवरही हीच होती. इथवर बदलले इतकेच, की पॉवर सप्लाय जळाला तर धावायला नको आणि नवे यंत्र मिनिटभरात मिळते. याला स्थलांतर म्हणता येईल, सुटका नाही.

२३ जून: वेबचा भाग प्लॅटफॉर्मवर

अवलंबनांची यादी आवृत्तींसकट पक्की केली, सेटिंग्ज कोडमधून काढून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये नेल्या, चालवण्याची आज्ञा एका फाइलीत. पहिल्या चार अडचणी, आल्या त्या क्रमाने:

ॲप्लिकेशन सुरू होते, पण प्लॅटफॉर्म म्हणतो 'प्रतिसाद नाही'. ते १२७.०.०.१ वर, म्हणजे फक्त स्वतःपुरत्या पत्त्यावर, ऐकत होते; कंटेनरच्या बाहेरून ते दिसत नाही. ०.०.०.० वर (सगळ्या पत्त्यांवर) आणि प्लॅटफॉर्म व्हेरिएबलमधून देतो त्या पोर्टवर ऐकायला लावले.

चढवलेले फोटो दुसऱ्या दिवशी गायब. इथली डिस्क तात्पुरती असते, रीस्टार्ट झाले की कोरी. फोटो थेट ऑब्जेक्ट स्टोरेजला. लॉगिनचे सेशनही प्रोसेसच्या मेमरीत होते. दोन प्रती चालू केल्यावर माणूस एका पानावर लॉगिन, पुढच्या पानावर बाहेर. सेशन डेटाबेसमध्ये नेले.

५०० प्रमाणपत्रांची एकगठ्ठा विनंती मध्येच तुटते. हेरोकूसारख्या प्लॅटफॉर्मवर विनंतीला ३० सेकंदांत उत्तराची सुरुवात व्हावी लागते. मर्यादा वाढवून मागण्यापेक्षा काम रांगेत टाकणे बरे: विनंतीला लगेच 'स्वीकारले', पीडीएफ मागे वर्कर (रांगेतली कामे करणारी वेगळी प्रोसेस) करतो. नवी आवृत्ती चढताना वर्करला आधी सिगटर्म (बंद होण्याची सूचना) मिळतो आणि काही सेकंदांनी तो मारला जातो, म्हणून सिगटर्म आला की नवे काम उचलायचे नाही, हातातले संपवायचे.

चौथी अडचण सगळ्यांत चिवट निघाली. प्रमाणपत्रावर नावाच्या जागी चौकोन. कंटेनरमध्ये देवनागरी फॉन्टच नव्हता. जुन्या सर्व्हरवर तो कधीतरी कुणीतरी टाकलेला, नोंद कुठेच नाही. नोटो सान्स देवनागरी प्रकल्पाच्या कोडमध्येच ठेवला. चौकोन गेले, पण 'क्षितिजा'ची वेलांटी भलत्या अक्षराला आणि 'प्रार्थना'चा रफार हरवलेला. फॉन्टमध्ये आकार असले तरी जोडाक्षरे जुळवायला शेपिंग इंजिन लागते, आणि वापरात असलेली पीडीएफ लायब्ररी ते करत नव्हती. वीझीप्रिंटवर गेलो, ते पँगो आणि हार्फबझमधून अक्षरे जुळवते. पँगो ही सिस्टिमची लायब्ररी, प्लॅटफॉर्मच्या तयार रनटाइममध्ये नाही. म्हणून वर्करपुरती आपली कंटेनर इमेज बांधली. म्हणजे या एका भागासाठी रेघ पुन्हा थोडी खाली आली: आता त्या इमेजमधल्या पॅकेजांचे पॅच आपल्याकडे. इमेज दर आठवड्याला नव्याने बांधण्याचे काम लावून दिले.

२६ जून: व्यवस्थापित डेटाबेस

बॅकअप, किरकोळ आवृत्त्या, दुसऱ्या झोनमधली जोडप्रत हे सगळे पुरवठादाराकडे गेले. बदल्यात सुपरयूजर (सर्वाधिकारी खाते) मिळत नाही, आणि एक्स्टेन्शन (डेटाबेसचे जोडभाग) फक्त त्यांच्या यादीतली. आपली दोन्ही यादीत होती. हे आधीच बघून ठेवलेले बरे.

लोड टेस्टमध्ये 'टू मेनी क्लायंट्स' ही त्रुटी. गणित साधे आहे: वेब ॲप्लिकेशनच्या ६ प्रती, प्रत्येकी ४ वेब वर्कर, वर्करमागे ५ थ्रेड, आणि जँगो प्रत्येक थ्रेडमागे एक जोडणी धरून ठेवते. १२०. आपल्या डेटाबेसची कमाल मर्यादा पोस्टग्रेएसक्यूएलच्या मूळ सेटिंगप्रमाणेच, १००. मर्यादा वाढवणे हा सोपा दिसणारा मार्ग, पण इथे प्रत्येक जोडणी म्हणजे वेगळी प्रोसेस, मेमरी खाते. मध्ये पीजीबाउन्सर (जोडण्या वाटून देणारे साधन) ठेवला, ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (व्यवहारापुरतीच जोडणी), मागे २० जोडण्या. या मोडमध्ये जँगोचे सर्व्हर-साइड कर्सर (निकाल डेटाबेसमधून तुकड्यांनी आणण्याची सोय) मोडतात, ते सेटिंगमधून बंद करावे लागतात. प्लॅटफॉर्मवर प्रती वाढवण्याचा सरकपट्टा असतो. डेटाबेसला तो नसतो, हे त्या सरकपट्ट्याशेजारी कुणी लिहीत नाही.

३० जून: लहान फोटो, फंक्शनवर

फंक्शन म्हणजे घटना घडली की तेवढ्यापुरता चालणारा छोटा कोड. एनआयएसटीच्या तीन मॉडेलांत हा प्रकार नाही. एडब्ल्यूएस लॅम्डा ही अशी सेवा जाहीर झाली नोव्हेंबर २०१४ मध्ये, व्याख्येनंतर तीन वर्षांनी. प्लॅटफॉर्मचीच पुढची पायरी समजावी: विनंती नसेल तेव्हा काहीच चालत नाही, बिलही नाही. एका धावेला कमाल १५ मिनिटे.

मेमरी वाढवली की सीपीयू त्याच प्रमाणात वाढतो, १७६९ एमबीला पूर्ण एक व्हीसीपीयू. मोजमाप: ५१२ एमबीवर २.९ सेकंद, १७६९ वर ०.९. जीबी-सेकंदांत १.४५ विरुद्ध १.५५. खर्च जवळपास तोच, वेळ एक तृतीयांश. कमी मेमरी म्हणजे स्वस्त, ही समजूत इथे टिकत नाही.

दोन खबरदाऱ्या. लहान फोटो मूळ फोटोच्याच बकेटमध्ये (ऑब्जेक्ट स्टोरेजमधल्या कप्प्यात) लिहिला तर तो लिहिण्याची घटना पुन्हा तेच फंक्शन चालवते, आणि चक्र सुरू होते. निकाल वेगळ्या बकेटमध्ये. तसेच एकच घटना दोनदा येऊ शकते, म्हणून निकालाचे नाव मूळ नावावरूनच ठरते. दुसऱ्यांदा चालले तरी त्याच जागी तेच लिहिले जाते.

३ जुलै: ईमेल, सॉफ्टवेअर म्हणून

स्वतःचा मेल सर्व्हर ठेवण्याचा प्रश्नच आला नाही. एडब्ल्यूएस, अझुर, गूगल क्लाउड या तिन्हींवर बाहेर जाणारे पोर्ट २५ सहसा बंदच असते. तयार सेवा घेतली, पोर्ट ५८७ वरून.

तरी पत्रे स्पॅममध्ये. एसपीएफ नोंदीत (आपल्या नावाने पत्रे कोण पाठवू शकतो याची डीएनएसमधली यादी) जुन्या सेवांचे 'इन्क्लूड' साचून डीएनएस शोध १३ झाले होते. मर्यादा १० ची आहे, पलीकडे गेले की तपासणी कायमची त्रुटी देते. वापरात नसलेल्या काढल्या, ७ उरल्या. डीकेआयएम चावी (पत्रावरच्या डिजिटल सहीची) लावली. पाठवताना ४२९ ('फार विनंत्या') आले की लगेच पुन्हा ठोठावायचे नाही. १, २, ४, ८ सेकंद असे थांबायचे आणि त्यात थोडे यादृच्छिक मिसळायचे, नाहीतर सगळे वर्कर एकाच क्षणी परत येतात.

७ जुलै: उपलब्धता

९९.९ टक्के म्हणजे ३० दिवसांत ४३.२ मिनिटे बंद. वेब ९९.९ आणि डेटाबेस ९९.९, दोन्ही लागणारच असतील तर गुणाकार ९९.८, सुमारे ८६ मिनिटे. साखळीत सेवा जोडत गेलो की आकडा खालीच येतो. आणि हमी मोडली तर मिळते ती बिलात सूट. गेलेला डेटा नव्हे.

२८ फेब्रुवारी २०१७ रोजी उत्तर व्हर्जिनियातले एस३ काही तास कोलमडले, एका आज्ञेतली एक बाब चुकीची टाकली गेल्याने. १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएचच्या स्ट्रासबर्गमधल्या डेटा सेंटरला आग लागली, एसबीजी२ इमारत जळून गेली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचा तोही गेला. त्यामुळे रोजचा डंप दुसऱ्या रिजनमध्ये (दूरच्या प्रदेशातल्या डेटा सेंटरांत) आणि वेगळ्या खात्यात, जिथे मुख्य खात्याची चावी पुसू शकत नाही.

रिस्टोअरचा सराव घेतला: दुसऱ्या रिजनमध्ये कोऱ्या डेटाबेसवर १ तास ५० मिनिटे. त्यातली ३५ मिनिटे एन्क्रिप्शन चावीची परवानगी शोधण्यात गेली. ती परवानगी आता लिहून ठेवली आहे.

१० जुलै: बिल

यंत्रांचा खर्च अंदाजाप्रमाणे. अंदाजाबाहेरचे: नॅट गेटवे या आतल्या यंत्रांच्या बाहेर जाण्याच्या वाटेवरची वाहतूक (आतल्या सबनेटमधून ऑब्जेक्ट स्टोरेजकडे, म्हणजे विनाकारण, खासगी एंडपॉइंट लावला), यंत्र पुसल्यावर मागे राहिलेल्या ३ डिस्क, आणि डीबग पातळीवर विसरलेले लॉग. चाचणीची यंत्रे आठवड्याच्या १६८ तासांऐवजी ५० तास चालतील असे वेळापत्रक लावले. टॅग (कोणत्या कामाचे याची चिठ्ठी) नसलेले काहीही तयार होणार नाही, असा नियम.

१४ जुलै: निर्णय आणि अदलाबदल

वेब प्लॅटफॉर्मवर, डेटाबेस व्यवस्थापित, फायली ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, लहान फोटो फंक्शनवर, पीडीएफ आपल्या कंटेनरमध्ये, ईमेल सॉफ्टवेअर. एक व्हर्च्युअल मशीन उरलेच: ओळखपत्रांचे जुने सॉफ्टवेअर, ज्याचा परवाना नेटवर्क कार्डाच्या पत्त्याला बांधलेला आहे. त्याचे नेटवर्क कार्ड वेगळे ठेवून जोडले, म्हणजे यंत्र बदलले तरी पत्ता तोच राहील.

डीएनएसचा टीटीएल (नोंद किती सेकंद साठवायची तो आकडा) ८६४०० वरून ३०० वर दोन दिवस आधीच आणला; बदलाच्या दिवशी आणून उपयोग नसतो, जुनी नोंद तोवर दिवसभरासाठी साठवली गेलेली असते. २३:०० ला जुना सर्व्हर वाचनापुरता, शेवटचा डंप, रिस्टोअर, तक्त्यांच्या ओळींची मोजणी, मग नोंद बदलली. ०२:२० ला पूर्ण.

१५ जुलै

'नोंदणी बंद' करणारे रात्री १२ चे काम चुकीच्या तासाला चालले. प्लॅटफॉर्मचा शेड्यूलर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) पाळतो, जुना सर्व्हर स्थानिक वेळ पाळत असे. तीन कामांच्या वेळा बदलल्या. चौथे सापडले ते डेटाबेसच्या आत, ट्रिगरमध्ये (डेटा बदलला की आपोआप चालणारा कोड).

जुना सर्व्हर २८ जुलैपर्यंत वाचनापुरता चालू. त्यानंतर डिस्क पुसायची, पण त्याआधी दुसऱ्या रिजनमधून आणखी एक रिस्टोअर, चावीच्या लिहून ठेवलेल्या परवानगीनेच.